घर एक, माणूस एक

वेनहो शहर, परगण्याची कचेरी
मेंढीचं वर्ष, दुसरा महिना, नववी तिथी

ताईस धाकट्या पोशेंगचा वाकून नमस्कार.

चार वर्षांनी हे पत्र. तू रागावली असशील असं लिहायला बसलो होतो, पण तू रागावत नाहीस ही तुझी जुनी खोड. रागावली असतीस तर मला लवकर लिहिता आलं असतं. तुझ्या सासूबाई गेल्याचं तू कळवलंस, त्यालाही मी उत्तर दिलं नाही. आता त्याबद्दल काय लिहू?

बातमी आहे. आपला परगणा बंद होणार. वर्षअखेरीला साहेबांचा शिक्का पेटीत घालून राजधानीला परत जाईल आणि वेनहो साधा तालुका होऊन खालच्या परगण्याला जोडला जाईल. साहेबांचं म्हणणं, जातोच आहे तर परगण्याचा शेवटचा इतिहास तरी नीट छापून ठेवू. त्यासाठी विद्येच्या देवळामागच्या दोन खोल्यांत आम्हा सहा जणांना बसवलं आहे. हो, मलाही. चार वेळा परीक्षेत आपटलेल्याला.

आमचे मुख्य क्वो गुरुजी, वय बहात्तर. पहिल्याच दिवशी म्हणाले, "यान, डोंगर, नद्या, थोर पुरुष, सगळं वाटून झालं. तुम्ही उशिरा आलात. कुणालाच नको होती अशी दोन प्रकरणं तुमच्यासाठी ठेवली आहेत." एक 'स्थापना आणि बदल', म्हणजे परगणा कधी झाला, कुणी मोडला, कुणी नाव बदललं. दुसरं 'निष्ठावंत विधवा'.

या दुसऱ्याचे नियम पक्के आहेत. तिशीच्या आत विधवा झालेली, पुन्हा लग्न न केलेली, पन्नाशी गाठलेली. जिवंत माणसाचं चरित्र या पुस्तकात येत नाही, मग तो केवढाही अधिकारी असो. फक्त या बायकांना तेवढी सूट. मी नियम उतरवून घेत होतो आणि हात थांबला. ताई, यंदा तुला पन्नासावं लागलं.

भावजींची होडी बुडाली तेव्हा तू तेवीस वर्षांची होतीस. सरकारी धान्याचा ताफा, उत्तरेचं वादळ, प्रेतही मिळालं नाही. त्यानंतर चोवीस वर्षं, त्या जाईपर्यंत, तू त्यांच्या आईला सांभाळलंस. तुझ्या मागाच्या आवाजावर मी अक्षरं पाठ केली. त्या अक्षरांचं पुढे काही झालं नाही, तो भाग वेगळा. पण एक गोष्ट मला आता करता येईल. तुझी नोंद मी स्वतः लिहीन. तुझं रुइयुन हे नाव लिहिता येणार नाही, 'यान घराण्याची लेक, थांग शौयी यांची पत्नी' एवढंच लिहायची रीत आहे. तरी ते छापण्यासाठी नाशपातीच्या लाकडावर कोरलं जाईल आणि परगणा गेल्यावरही राहील.

थांग घराण्याच्या वडीलधाऱ्यांची आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष लागते. कागद पाठवला आहे. जामीन म्हणून सही मी केली. माझी काळजी करू नकोस. जेवण वेळेवर होतं, खोलीत ऊनही येतं.

पोशेंग

*

शाओछी गाव
तिसरा महिना, एकविसावी तिथी

पोशेंगास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र होडीवाल्या लूने आणलं, अर्धं भिजलेलं. चुलीपाशी वाळवलं, तरी 'जेवण' या शब्दापुढची ओळ गेली. तू जेवतोस की जेवत नाहीस ते पुन्हा लिही.

तुझा तो साक्षीचा कागद मात्र कोरडा पोचला, तोही माझ्या आधी थोरल्या मामंजींकडे, थांगांचे कर्ते तेच ना. तिसऱ्या दिवशी ते काठी टेकत दारात. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातचा चहा पूर्ण प्यायला. म्हणाले, "सूनबाई, पुस्तकात नाव लागलं की वरून परवानगी येते. गावाच्या तोंडाशी दगडी कमान उभारू. थांगांची कमान!" मी म्हटलं, "मामंजी, आपल्या गावाला तोंड कुठे आहे? दोन बाजूंनी ओढा आणि तिसरीकडे पाओंची बदकं." तर म्हणाले, "बदकं हलवता येतात."

मग पाओ काकू आली. "अगं, साहेबाच्या पुस्तकात जाणार तू! आणि मी? माझा म्हातारा मरेना म्हणून मी राहिले." म्हातारा अंगणात टोपली विणत ऐकत होता. म्हणाला, "प्रयत्न चाललाय." आम्ही तिघं खूप हसलो. ते दोघं घरी गेल्यावर मी एकटीही थोडी हसले, मग थांबले.

पोशेंग, मला त्या पुस्तकात घालू नकोस. एक तर माझं वय. आई म्हणायची मी पुराच्या वर्षी जन्मले, पण कुठल्या पुराच्या? दोन पूर आले होते. मी अठ्ठेचाळीसचीही असेन. दुसरं, त्यापेक्षा सासूबाईंना घाल. त्याही एकट्याच होत्या आणि माझ्याहून जास्त बोलायच्या, तुला लिहायला पुष्कळ मिळेल. तिसरं काही नाही. फक्त घालू नकोस.

मला हे सांग, परगणा मोडतो म्हणजे काय मोडतं? नदी तर वाहतेच आहे. बाजार आठव्या दिवशी भरतोच. तू जे पहिलं प्रकरण लिहितो आहेस ते मला पत्रातून सांग. बाबा तुला शिकवायचे तेव्हा मी दाराआड भांडी घासत ऐकायची, आठवतं? तसंच समज.

इथे थडगी झाडायचा सण झाला. आईबाबांचं थडगं मी साफ केलं, तुझ्या वतीनेही वाकले. तुझं वाकणं माझ्यापेक्षा जड आहे रे, गुडघे दुखले.

ताई

*

वेनहो शहर
पाचवा महिना, दुसरी तिथी

ताईस नमस्कार.

जेवतो. भाताची पेज, मोहरीच्या पानांचं लोणचं, पाचव्या दिवशी टोफू. क्वो गुरुजींना दात नाहीत, म्हणून आम्ही सगळेच मऊ खातो.

तुझा नकार वाचून मला हसू आलं. गुरुजींना दाखवला तर म्हणाले, "खरी निष्ठावंत बाई नकोच म्हणते. जी हो म्हणते तिची आपण नीट चौकशी करतो." तेव्हा तुझ्या 'नको'ने तुझी बाजू भक्कमच झाली आहे. ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं. दोन पुरांपाशी हसले.

आता तुझा प्रश्न. परगणा मोडतो म्हणजे काय मोडतं ते मलाही नीट माहीत नव्हतं. पण दोन महिने जुन्या पोथ्या चाळताना जे सापडलं ते ऐकशील तर मागावरून उठशील.

आपण आजवर समजत आलो की वेनहोचे लोक इथले मूळचे. डोंगराकडच्या लोकांना आपण 'उपरे' म्हणून हिणवतो. ताई, उपरे आपण आहोत. दीड हजार वर्षांपूर्वी वेनहो परगणा इथे नव्हताच, तो दूर उत्तरेला होता, मोठ्या नदीच्याही पलीकडे. तिथे परक्या घोडेस्वारांनी देश घेतला, तेव्हा लोक पळून नदीच्या अलीकडे आले. आणि दरबाराने काय केलं असेल? इकडे दक्षिणेत, दुसऱ्यांच्या जमिनीवर, वेनहो परगणा तसाच चालू ठेवला. ना तट, ना शेत, ना नदी. अधिकारी मात्र नेमलेला, शिक्का आहे, नोंदवही आहे. इथल्या लोकांची नोंद पिवळ्या कागदावर होई, या पाहुण्यांची पांढऱ्या. आज ना उद्या परत जायचंच आहे, म्हणून.

एकशे चाळीस वर्षं असं चाललं. ज्यांनी वेनहो कधी पाहिलं नाही त्यांची नातवंडंही विचारलं की सांगायची, "आम्ही वेनहोचे." मग पुढच्या एका राजाला हे नको झालं. त्याने शेजारच्या तालुक्यांच्या कडा कापून या परगण्याला खरी जमीन दिली. ती ही, जिच्यावर तू कापड विणतेस. मूळच्या वेनहोला आता वेगळंच नाव आहे.

एका जुन्या टिपणकाराने त्या पांढऱ्या नोंदवहीतल्या चार ओळी उतरवून ठेवल्या आहेत. तीन घरांत सहा-सात माणसं. चौथी ओळ अशी: 'घर एक, माणूस एक. बाई. माग चालवते.' नाव नाही, वय नाही. ही ओळ मी रोज एकदा वाचतो. कारण सांगता येत नाही.

साहेबांना हे आवडलेलं नाही. त्यांना परगण्याची सुरुवात पुराणातल्या राजापासून हवी आहे. बघू.

तुझी नोंद लिहून झाली. थोरल्या मामंजींची सही आली, पाओ काकांचा अंगठाही आला. आता फक्त भावजींच्या थडग्याची जागा आणि तिथी कळव. प्रेत नव्हतं, म्हणून त्यांचे कपडेच पुरले होते ना?

पोशेंग

*

शाओछी
सहावा महिना, अठरावी तिथी

पोशेंग,

थडगं ओढ्याच्या वरच्या अंगाला, तुतीच्या झाडांमागे. तू विचारलंस म्हणून परवा जाऊन आले. गवत कमरेएवढं. आत कापूस भरलेला निळा अंगरखा, टोपी आणि पट्टा आहे. सासूबाईंनी छपरावर चढून तोच अंगरखा हलवत तुझ्या भावजींच्या आत्म्याला हाक मारली होती. तीनदा. मग ओढ्याकडून वारा आला आणि बाह्या फुगल्या. त्या म्हणाल्या, "आला." आणि घाईघाईने घडी घातली, निसटू नये म्हणून. कापडी मोजेही पुरायचे होते. ते मी लपवून ठेवले. नुकतेच शिवले होते, एकदाही घातले नव्हते, मला ते मातीत घालवेनात. आहेत अजून.

तिथी कळवत नाही. नोंद थांबव.

त्या पांढऱ्या वहीतल्या लोकांचं मी कापड विणताना मनात घोळवत असते. एक सांग. त्या एकशे चाळीस वर्षांत जुन्या वेनहोतून कधी कुणाचं पत्र आलं नाही का? तिथेही माणसं राहिलीच असतील ना? चुली पेटत असतील, लग्नं होत असतील. एखाद्याने लिहिलं असेल की आम्ही इथे आहोत, या. मग इकडच्या माणसाने काय केलं? ते तुझ्या पोथीत आहे का?

बदकांनी माझी भाजी खाल्ली. पाओ काकू म्हणते, आता ती कमानीची बदकं आहेत, त्यांना काही बोलायचं नाही.

ताई

*

वेनहो शहर
आठवा महिना, अकरावी तिथी

ताई,

मी भावजींच्या थडग्याची तिथी विचारली आणि तू दीड हजार वर्षांपूर्वीच्या टपालाबद्दल विचारतेस. तसं कुठलंही पत्र पोथीत नाही.

तिथी थोरल्या मामंजींनी कळवली. तुझं पान कोरायला गेलं. नोंद अशी: 'यान घराण्याची लेक, थांग शौयी यांची पत्नी. तेविसाव्या वर्षी पती बुडाला. मागावर बसून सासूची सेवा केली.' चिनी अक्षरं एकवीस. तू आणखी दहा पत्रांत नको म्हणालीस तरी लाकूड ऐकणार नाही. आणि आता ते खोडायचं म्हटलं तर जामीन मी आहे. खोट्या नोंदीला जामीन राहिलो असं होईल.

तुला मी लिहिलेलं नको आहे का? नापास भावाच्या हातचं? तसं असेल तर सरळ सांग, म्हणजे निदान तू एकदा रागावलीस असं होईल. माझ्या वाट्याला तुझ्यासाठी करण्याजोगी एकच गोष्ट आली. तीही तू घेत नाहीस.

पोशेंग

*

शाओछी
दहावा महिना, चौथी तिथी

पोशेंगास आशीर्वाद.

तुझं पत्र दीड महिना उशीवर ठेवलं. हे पत्र लूच्या होडीने नाही, कापडवाल्या शीबरोबर पाठवते आहे. त्याला वाचता येत नाही. वाचून चुलीत घाल.

थांग शौयी बुडाला नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी वसंतात सुकी फळं विकणारा एक फिरता माणूस दाराशी आला. मी काही मागितलं नव्हतं, तरी एक पुडी हातात दिली. आत पत्र. अक्षर कुणा लेखनिकाचं होतं, पण तळाशी डोळा काढला होता, होडीच्या नाकावर रंगवतात तसा. तुझ्या भावजींना तो काढायचा नाद होता. पिठाच्या डब्यावरही काढायचे.

लिहिलं होतं, होडी बुडाली त्यात माझी चूक नव्हती, पण सरकारी धान्य गेलं की होडीवाल्याला फटके आणि हद्दपारी ठरलेली. मी पोहून काठाला लागलो आणि चालत राहिलो. आता दक्षिणेच्या समुद्रापलीकडे एका बंदरात दोरखंड वळतो. एकटा आहे. आईला सांगू नकोस, ती आनंदाने ओरडेल आणि गाव गोळा होईल. पण तू ये. तिची काही सोय लावता आली तर ये. हा माणूस पुढच्या वसंतात पुन्हा येईल, त्याच्याजवळ निरोप दे.

पुढच्या वसंतात तो आला. ओट्यावर बसला, चार वाफवलेले पाव खाल्ले, म्हणाला, "वहिनी, काही निरोप?"

मी म्हटलं, "लोणचं घेऊन जा." बरणी दिली.

तो म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच."

पुन्हा तो कधी आला नाही.

सासूबाईंना मी सांगितलं नाही. दर वर्षी दहाव्या महिन्याच्या पहिल्या तिथीला त्या मेलेल्या मुलासाठी थंडीचा कागदी अंगरखा कापायला बसत. डोळे अधू झाल्यावर मी कापायची. "बाह्या लांब ठेव गं, त्याचे हात लांब होते." मी लांब ठेवायची. मग आम्ही दोघी ओढ्याकाठी ते जाळायचो. सोळा वर्षं मी एका जिवंत माणसाचे कपडे जाळले, आणि जिला हे कळायला हवं होतं तिचाच हात धरून उभी राहिले. शेवटच्या आजारात त्या म्हणाल्या, "आता भेटेल." तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी त्यांच्या तोंडात पेजेचा चमचा घातला.

आधी मी स्वतःला सांगत असे की सासूबाईंमुळे जाता येत नाही. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मी अजून इथेच आहे. तेव्हा कारण त्या नव्हत्या.

लोकांना वाटतं, ही वाट बघते. पांढऱ्या वहीतली ती बाई कदाचित उत्तरेकडे बघत असेल. मी बघत नव्हते. दुपारी सासूबाईंना झोप लागली की मागावर एक शांतता यायची. पहिली काही वर्षं तिची भीती वाटायची. मग ती माझी झाली. ते पत्र आलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की ही आता जाईल. नवरा जिवंत आहे हे त्यानंतर वाटलं. हे कुठल्या प्रकरणात लिहितात, पोशेंग?

आता तो माणूस असेल का, एकटाच असेल का, मला माहीत नाही. त्याने निरोपाची वाट पाहिली असेल आणि त्याला लोणचं मिळालं.

तीन दिवसांपूर्वी पहिली तिथी होती. मी कागद कापला नाही. पाओ काकूने विचारलं, "विसरलीस?" मी म्हटलं, "हो."

तुझ्या हातचं मला नको असं कधीच नव्हतं. तू लिहिलेलं खोटं ठरेल, आणि जामीन तू आहेस, म्हणून नको होतं. आधीच सरळ सांगितलं असतं तर लाकूड वाचलं असतं. तुला शिक्षा होईल का ते कळव. होणार असेल तर नोंद राहू दे, मी कुणाला काही सांगणार नाही. न सांगायची मला सवय आहे.

ताई

*

वेनहो शहर
बारावा महिना, तिसरी तिथी

ताई,

पत्र जाळलं. आधी दोन दिवस खिशात ठेवलं, तेवढं माफ कर.

पहिल्या दिवशी मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी मोजलं. ते सुकी फळंवाल्याचं पत्र आलं त्या वसंतात मी पंधरा दिवस शाओछीला होतो. तू मला रोज बदकाचं अंडं उकडून दिलंस आणि माझा निबंध ऐकलास. मी काय पाहत होतो?

तिसऱ्या दिवशी क्वो गुरुजींकडे गेलो. म्हटलं, माझ्या बहिणीच्या नोंदीत चूक आहे. वय चुकलं. ती अठ्ठेचाळीसची आहे, पन्नासची नाही.

"स्वतःच्या बहिणीचं वय चुकलं?"

"हो."

"असं कसं होतं, यान?"

"अकरा वर्षं तिला भेटलो नाही."

"मग ही चूक खरी आहे," ते म्हणाले. "दोन पूर होते ना? मी वाचलं होतं." पुढे काही विचारलं नाही. निष्काळजीपणाबद्दल पहिल्या पानावरच्या लिहिणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलं जाईल, एवढीच शिक्षा. त्यामुळे या पुस्तकात आपण दोघंही नाही.

मग कोरणाऱ्या लोउकडे. तो आधी चिडला. "आता सांगता? वाळलेलं लाकूड आहे, भाकरी नाही." मग समजावून सांगितलं, तेवढी उभी पट्टी कापून काढायची आणि नवी बसवायची. पण पट्टी न कोरता तशीच ठेवली तर छापताना काळी उमटते. "लोक बोट ठेवून विचारतात, इथे कोण होतं? तेव्हा काहीतरी द्या. एकवीस अक्षरं. वीस नको, बावीस नको."

तोवर माझ्या पहिल्या प्रकरणातून साहेबांनी पाहुण्या परगण्याची सगळी पानं काढली होती. एकशे चाळीस वर्षं एका फटक्यात गेली. आता आपला परगणा पुराणातल्या राजाने डोंगरावर उभं राहून स्थापला आहे.

मी एकवीस अक्षरं लिहून गुरुजींपुढे ठेवली: 'जुन्या पांढऱ्या नोंदवहीत, वेनहोचं घर एक, माणूस एक. बाई. नाव नाही. माग चालवत असे.'

"हे विधवांच्या प्रकरणात?"

"होय."

"विधवा होती?"

"वहीत लिहिलेलं नाही."

"निष्ठा?"

"माग चालवत होती, एवढंच लिहिलंय."

त्यांनी कुंचला घेतला आणि खाली खूण केली. संपूर्ण पुस्तकात पाहुण्या परगण्याची तेवढीच ओळ उरली आहे. पान सोबत पाठवतो.

काल शिक्का गेला. कारकुनाने त्याच्या रेषांतली लाल शाई काडीने कोरून काढली, पुसला, पिवळ्या कापडात गुंडाळला. साहेब वाकले, आम्ही वाकलो. दारावरची पाटी दोघांनी उतरवली, तिच्यामागे भिंतीवर पाटीच्याच आकाराचा स्वच्छ तुकडा निघाला. बाकी भिंत किती मळली होती ते तेव्हा दिसलं. दुपारी कचेरीत कुणी नव्हतं. मी उगाच तिथे उभा राहिलो. तू विचारलं होतंस काय मोडतं. मला आवाज काही आला नाही.

आता माझंही सांगतो. चार वर्षं मी कुठल्याच परीक्षेला बसलेलो नाही. देवळाच्या ओसरीवर लोकांची पत्रं लिहून देत होतो. इतिहासाच्या कामावरही नकलनविसाच्या पगारावरच घेतलं होतं. पहिल्या पत्रात 'खोलीत ऊन येतं' लिहिलं, ते खोटं. महिन्याअखेरीला ही खोलीसुद्धा सोडायची आहे.

तुझी ती दुपारची शांतता मोडणार नसेल, तर येऊ का? नाही म्हणालीस तरी चालेल. निरोप म्हणून लोणचंही चालेल.

पोशेंग

*

शाओछी
बारावा महिना, एकोणिसावी तिथी

पोशेंगास आशीर्वाद.

पान मिळालं. मागाजवळ, जिथे ऊन येतं तिथे लावलं आहे. त्या बाईला नाव नाही ते बरं झालं. नाव असतं तर कुणीतरी हाक मारली असती.

थोरले मामंजी तीन दिवस जेवले नाहीत. "दोन वर्षांनी! फक्त दोन वर्षांनी कमान गेली!" पाओ काकूने धीर दिला, "दोन वर्षं थांबा की, मग करा." ते म्हणाले, "दोन वर्षांनी परगणा कुठून आणू?" बदकं आहेत तिथेच आहेत.

मी एक पत्र लिहायला घेतलं आहे, त्या बंदराच्या नावाने. एकोणीस वर्षांपूर्वीचा पत्ता आहे, पोचेल असं नाही. 'सासूबाई गेल्या' इथपर्यंत लिहून झालं. पुढचं वाक्य येत नाही. ये म्हणायचं नाही, येते म्हणायचं नाही, आणि तरी काही म्हणायचं आहे. तू इतकी वर्षं लोकांची पत्रं लिहून दिलीस, तुला कदाचित सुचेल.

सोबत कापडी मोजे पाठवते. तेच. कापूस चांगला आहे, सत्तावीस वर्षांत दोनदाच उन्हात घातला. तुला मोठे होतील, पुढे बोटांपाशी पेंढा कोंब. घाटातून चालत येऊ नकोस, लूच्या होडीने ये. शांततेचं मी बघते. दुपारी तू झोपत जा.

नव्या तालुक्याचा कारकून घरं मोजत फिरतो आहे. काल दाराशी आला. वही पिवळ्या कागदाची. ओट्यावर टेकवून त्याने लिहिलं, घर एक. मग कुंचला शाईत बुडवला आणि विचारलं, "माणसं किती, काकू?"

मी म्हटलं, "नवं वर्ष लागल्यावर या."

तो जरा कुरकुरला. मग तेवढी जागा कोरी ठेवून पाओंच्या अंगणात गेला.

ताई